बंद केलेल्या भट्ट्यांच्या गावांतून आठ दिवस

पहिला दिवस : व्हिएन्ना आणि झ्वेन्टेनडॉर्फ

बत्तीस वर्षे महाराष्ट्रातल्या कारखान्यांचे बॉयलर तपासण्यात घालवलेल्या माणसाने निवृत्तीनंतर युरोपात जाऊन बंद पडलेली अणुवीज केंद्रे पाहावीत, ही कल्पना घरात कोणालाच पटली नव्हती. व्हिएन्नात नोकरीला असलेला माझा भाचा मात्र लगेच तयार झाला. १९९० च्या दशकात पूर्व युरोपातील देश युरोपीय संघाचे सदस्यत्व मागू लागले, तेव्हा त्यांच्या अणुभट्ट्या सुरक्षित आहेत की नाहीत हे कोणी, कोणत्या कायद्याखाली आणि कशाच्या आधारे ठरवले, हा प्रश्न नोकरीत असल्यापासून माझ्या मनात होता. तपासणी करणाऱ्याला कोणाकडे हजर व्हावे लागते, यावर त्याच्या शेऱ्याचे वजन ठरते, हे मी स्वतः अनुभवले आहे.

सुरुवात झ्वेन्टेनडॉर्फपासून केली, कारण या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोठा आवाज ऑस्ट्रियाचा होता. व्हिएन्नाच्या वरच्या अंगाला डॅन्यूबच्या काठी उभे असलेले हे केंद्र १९७८ मध्ये पूर्ण बांधून तयार झाले होते. मात्र ५ नोव्हेंबर १९७८ च्या सार्वमतात ५०.४७ टक्के मतदारांनी नकार दिला आणि ते कधीच सुरू झाले नाही. फरक सुमारे तीस हजार मतांचा होता. भट्टी उकळत्या पाण्याच्या प्रकारची, म्हणजे आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन युनिटांच्या कुळातली. त्यामुळे किरणोत्सर्गाचा स्पर्शच न झालेल्या त्या गाभ्याच्या बरोबर खाली उभे राहून वर पाहता येते, ही गोष्ट तारापूरला कोणालाही शक्य नाही. भाचा म्हणाला, “मामा, कोरी करकरीत भट्टी आहे ही, नुसती शोभेची.” अगदीच शोभेची नव्हे, इतर केंद्रांचे कर्मचारी येथे प्रशिक्षणासाठी येतात.

स्वतःची भट्टी न पेटवता कुलूप लावलेल्या या देशाने पुढे शेजाऱ्यांच्या भट्ट्यांबद्दल सतत विचारणा केली. चेक प्रजासत्ताकाच्या तेमेलिन केंद्रावरून वाद इतका वाढला, की डिसेंबर २००० मध्ये मेल्क येथे दोन्ही देशांना समझोता करावा लागला. या आग्रहात भीती होती तसे राजकारणही होते. पण कोणीतरी विचारत राहिल्याखेरीज कागद बाहेर येत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

दुसरा दिवस : त्रनावा आणि यास्लोव्स्के बोहुनित्से

व्हिएन्नाहून सीमा ओलांडून स्लोव्हाकियात शिरताना कोणी थांबवलेसुद्धा नाही. त्रनावा हे जुन्या चर्चांचे टुमदार शहर मागे टाकले की गव्हाच्या सपाट शेतांपलीकडे बोहुनित्सेचे शीतन मनोरे दिसू लागतात. आता चारच आहेत; एकेकाळी आठ होते. पाडलेले चार मनोरे ‘व्ही-१’ या केंद्राचे होते, आणि त्याच्यासाठीच मी आलो होतो.

या परिसरात तीन पिढ्यांची केंद्रे आहेत. सर्वांत जुनी ‘ए-१’ ही जड पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वायू वापरणारी भट्टी. ५ जानेवारी १९७६ रोजी येथे वायूगळतीत दोन कामगार गुदमरून मरण पावले, आणि २२ फेब्रुवारी १९७७ रोजी ओलावा शोषण्यासाठी वापरलेले सिलिका जेलचे मणी इंधनात राहून गेल्यामुळे शीतक वायूची वाट अडली, इंधन वितळले आणि भट्टी कायमची बंद झाली. साफसफाईत राहून गेलेली एक क्षुल्लक वस्तू केवढा अनर्थ घडवते, हे मी असंख्य बॉयलरांच्या पोटात शिरून पाहिले आहे. एकदा तर एका ड्रममध्ये वेल्डरचे फडके सापडले होते.

‘व्ही-१’ ची दोन युनिटे १९७८ आणि १९८० मध्ये सुरू झाली. ही ४४० मेगावॉटची सोव्हिएत बनावटीची, दाबाखालील पाण्याची भट्टी, तिच्या पहिल्या आवृत्तीतली. या आवृत्तीचा दोष असा, की आराखडा करताना सर्वांत वाईट अपघात म्हणून ३२ मिलिमीटर छिद्रातून होणाऱ्या गळतीएवढीच कल्पना केली होती, जेव्हा मुख्य शीतक नळाचा व्यास ५०० मिलिमीटर आहे. मोठा नळ फुटणारच नाही, असे गृहीत धरले होते. त्याखेरीज, अपघातात सुटणारी वाफ आत कोंडून धरणारी मजबूत आवरण-इमारतही नव्हती. पाश्चात्त्य तज्ज्ञ ज्याला मूळ आराखड्यातला दोष म्हणत, तो हाच. पंप बदलून किंवा केबल नव्या टाकून तो पुरता जात नाही.

पण स्लोव्हाक अभियंत्यांची बाजूही ऐकण्यासारखी आहे. १९९६ ते २००० या काळात जर्मन सीमेन्स कंपनीच्या साहाय्याने या केंद्राची मोठी पुनर्रचना झाली, आपत्कालीन शीतन आणि भूकंपरोधक व्यवस्था बळकट केल्या गेल्या. आणि त्याच काळात, सप्टेंबर १९९९ मध्ये, सरकारने ही युनिटे २००६ आणि २००८ मध्ये बंद करण्याचा निर्णय घेतला. डिसेंबर १९९९ मध्ये संघाच्या हेलसिंकी शिखर परिषदेत स्लोव्हाकियाला सदस्यत्वाच्या वाटाघाटींचे आमंत्रण मिळाले. माहिती केंद्रातील गृहस्थ या क्रमाकडे बोट दाखवून हसले आणि म्हणाले, “आम्ही घर रंगवून घेतले, आणि मग पाडायला दिले.”

ठरल्याप्रमाणे दुसरे युनिट ३१ डिसेंबर २००८ रोजी बंद झाले, आणि आठवड्याच्या आत रशिया-युक्रेन वादात स्लोव्हाकियाचा वायुपुरवठा तुटला. भर हिवाळ्यात, १० जानेवारी २००९ रोजी, सरकारने हे युनिट पुन्हा सुरू करण्याचे जाहीर केले. ब्रुसेल्सने बजावले, की हा सदस्यत्वाच्या कराराचा भंग ठरेल. वायू २० जानेवारीला पुन्हा आला आणि युनिट बंदच राहिले. हे ऐकताना मला एका साखर कारखान्यातला माझाच प्रसंग आठवला. हायड्रॉलिक चाचणीत नळ्या गळत असल्याने मी बॉयलर चालवू देण्यास नकार दिला होता, आणि सगळीकडून एकच मागणी होती : “साहेब, एवढा गळीत हंगाम तर जाऊ द्या.” हंगाम कधीच जात नाही, एक संपला की दुसरा उभा असतो.

तिसरा दिवस : ब्रातिस्लाव्हा, मग विमानाने सोफिया

भाचा व्हिएन्नाला परतला. दिवस प्रवासातच गेला, म्हणून येथे कायद्याचा गुंता सांगून टाकतो, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे.

युरोपीय संघाने उमेदवार देशांकडे उच्च दर्जाच्या अणुसुरक्षेची मागणी केली खरी, पण त्या वेळी संघाकडे स्वतःचा बंधनकारक अणुसुरक्षा कायदाच नव्हता. १९५७ च्या युराटम करारात किरणोत्सर्गापासून कामगारांचे आणि जनतेचे संरक्षण होते, अणुइंधनाच्या हिशेबाची तपासणी होती. भट्टीचा आराखडा कसा असावा, ती कोणी बंद करावी, याबद्दल शब्द नव्हता. प्रत्येक सदस्य देश ते आपापल्या घरी पाहत असे. मग उमेदवाराला मोजायचे ते कोणत्या मापाने?

त्यावर निघालेला तोडगा मला फार रोचक वाटतो. फेब्रुवारी १९९९ मध्ये पश्चिम युरोपातील दहा देशांच्या नियामक प्रमुखांनी ‘वेनरा’ ही संघटना स्थापली. त्यांत संघाचा सदस्य नसलेला स्वित्झर्लंडही होता. बल्गेरिया, चेक प्रजासत्ताक, हंगेरी, लिथुआनिया, रुमानिया, स्लोव्हाकिया आणि स्लोव्हेनिया या सात उमेदवार देशांवर तिने मार्च १९९९ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २००० मध्ये अहवाल दिला. त्यांत भट्ट्यांइतकेच लक्ष नियामकांवर होते : त्याला कायद्याने स्वतंत्र अधिकार आहेत का, पुरेसे पगार आणि माणसे आहेत का, वीज विकणाऱ्या खात्याच्याच मंत्र्याच्या हाताखाली तर तो नाही ना? पुढे जून २००१ मध्ये संघाच्या मंत्रिपरिषदेच्या अणुविषयक गटाने देशवार शिफारशी केल्या आणि २००२ मध्ये त्यांच्या पूर्ततेची तपासणी झाली.

युराटमला अणुसुरक्षेत अधिकार आहेत, असे युरोपीय न्यायालयाने १० डिसेंबर २००२ रोजी सांगितले, आणि प्रत्यक्ष निर्देश यायला २००९ साल उजाडले. म्हणजे उमेदवारांची परीक्षा झाली, निकाल लागला, आणि अभ्यासक्रम मागाहून छापला गेला. हे लिहिताना हसू येते, पण आपल्याकडेही फार वेगळे नव्हते. आपले अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून मुंबईतून काम करत आहे, आणि ते कायद्याने सरकारच्या अधीन असल्याकडे महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात बोट दाखवले होते.

चौथा दिवस : सोफिया ते व्रात्सा

सोफियात थांबलो नाही. बाल्कन पर्वत ओलांडून व्रात्सा गाठले. गावाच्या मागे चुनखडीचे सुळके सरळ उठतात आणि त्यांच्याखाली घरे चिकटून बसलेली दिसतात. रात्री दह्याचे थंड काकडीचे सार घेतले. आपल्या कोशिंबिरीत पाणी जास्त झाले तर जसे लागेल तसेच, फक्त त्यात अक्रोड होते.

पाचवा दिवस : कोझ्लोदुई

आज २ जून होता, आणि हा योगायोग मला ठाऊक नव्हता. सकाळी डॅन्यूबच्या काठावर पोहोचलो. कोझ्लोदुई हे नाव बल्गेरियात अणुवीज केंद्राच्या कितीतरी आधी इतिहासात आले : मे १८७६ मध्ये कवी ख्रिस्तो बोतेव्ह याने ‘राडेत्स्की’ हे प्रवासी जहाज ताब्यात घेऊन सुमारे दोनशे साथीदारांसह येथेच पाऊल टाकले, आणि ऑटोमन सत्तेविरुद्धच्या त्या मोहिमेत काही दिवसांतच तो व्रात्साजवळ मारला गेला. जहाजाची प्रतिकृती काठावर संग्रहालय म्हणून उभी आहे. ती पाहून मी केंद्राच्या रस्त्याला लागलो असतानाच, बरोबर बारा वाजता, सायरन वाजू लागले.

कोझ्लोदुईत अणुभट्ट्यांच्या दिशेने चाललेल्या परक्या माणसाला भर दुपारी सायरन ऐकू आल्यावर काय वाटेल, ते सांगायला नको. चालकाने गाडी कडेला घेतली, उतरला आणि ताठ उभा राहिला. समोरच्या सायकलवरची बाईही थांबली. दोन-तीन मिनिटे सारे निश्चल. मग चालक आत बसला आणि मोडक्या इंग्रजीत एवढेच म्हणाला, “बोतेव्ह.” दरवर्षी या दिवशी, या वेळी, बोतेव्ह आणि देशासाठी प्राण दिलेल्यांच्या स्मरणार्थ देशभर सायरन वाजतात.

केंद्रात मी प्रत्यक्ष गेलो नाही. बाहेरून जेवढे दिसते तेवढे पाहिले. येथे सहा भट्ट्या होत्या. पहिल्या चार बोहुनित्सेच्या ‘व्ही-१’ च्याच जातीच्या, १९७४ ते १९८२ या काळात सुरू झालेल्या. पाचवी आणि सहावी हजार मेगावॉटच्या, आवरण-इमारत असलेल्या, १९८७ आणि १९९१ च्या. आपल्या कुडनकुलमच्या भट्ट्या या मोठ्यांच्याच घराण्यातल्या आहेत. १९९१ मध्ये, सोव्हिएत व्यवस्था कोसळत असताना, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पथकाने जुन्या चार युनिटांची अवस्था पाहून धोक्याची घंटा वाजवली आणि युरोपीय समुदायाने तातडीची मदत पाठवली. पूर्व जर्मनीतील ग्राइफ्सवाल्डच्या अशाच भट्ट्या जर्मनीने एकीकरणाच्या सुमारास १९९० मध्ये सरळ बंद केल्या होत्या, पण श्रीमंत भावाच्या घरी राहायला गेलेल्याला जे परवडते, ते बल्गेरियाला परवडणारे नव्हते.

पहिल्या युनिटच्या दाबपात्राची, म्हणजे गाभा ज्यात बसतो त्या पोलादी पात्राची, हकीकत मला सर्वांत जवळची. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने पोलाद ठिसूळ होत जाते, आणि वेल्डच्या जोडात फॉस्फरस जास्त असेल तर लवकर होते. उपाय म्हणून १९८९ मध्ये येथे दाबपात्राचा तो पट्टा तापवून अ‍ॅनीलिंग करण्यात आले, आणि खरेच गुण आला का हे पाहण्यासाठी १९९६ मध्ये पात्राच्या आतल्या भिंतीतून धातूचे छोटे तुकडे खरवडून काढून तपासले गेले. चालू स्थितीतल्या दाबपात्रातून नमुना कापायचा म्हणजे रुग्णाच्या हृदयाचा तुकडा काढून तो निरोगी असल्याचे सांगण्यासारखे आहे. पण त्याशिवाय कळणार कसे? नियामकाने कागदावरच्या आकडेमोडीवर न थांबता पोलाद हातात मागावे, यासारखी शहाणी मागणी नाही.

पहिली दोन युनिटे २००२ च्या अखेरीस बंद झाली. तिसऱ्या आणि चौथ्याचे दुःख मात्र अजून ओले आहे. त्यांच्यात भरपूर सुधारणा झाल्या, २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पथकाने आणि २००३ मध्ये संघाच्याच तज्ज्ञांनी अनुकूल मत दिले. तरीही ३१ डिसेंबर २००६ रोजी, संघात प्रवेश करण्याच्या आदल्या दिवशी, ती बंद करावी लागली. आमचा चालक याबद्दल चांगलाच चिडलेला होता. त्याचे वडील चौथ्या युनिटवर होते. “पास होऊन नापास,” असे तो हातवारे करून सांगत होता. मला त्याचे म्हणणे बरेचसे पटते : भट्ट्या बंद करण्याची १९९९ ची राजकीय कबुली आणि २००३ ची तांत्रिक तपासणी यांत पहिली जिंकली, हे उघड आहे. पण तपासणी अनुकूल निघाली, ती डोक्यावर बंदीची तलवार असताना झालेल्या कामामुळेच, हेही तितकेच खरे.

आणि एक गोष्ट चालकाने सांगितली नाही. १ मार्च २००६ रोजी, जुन्या युनिटांवरून वाद चालू असताना, बिघाड झाला तो निर्दोष मानलेल्या पाचव्या युनिटमध्ये. एक पंप बंद पडल्यावर शक्ती कमी होताना भट्टीची शक्ती आवरणारे काही नियंत्रण दंड अडकले. मग तपासले तेव्हा ६१ पैकी २२ दंड जागचे हलत नव्हते. घटना आधी किरकोळ म्हणून नोंदली गेली आणि नंतर अणुघटनांच्या आंतरराष्ट्रीय श्रेणीत दोनवर आणावी लागली. सगळ्यांचे डोळे ज्या दारावर खिळलेले असतात, त्याच्या शेजारचे दार तपासायचे राहून जाते.

सहावा दिवस : सोफिया, वॉर्सा, व्हिल्निअस

विमानतळांवरच दिवस गेला. व्हिल्निअसला उतरलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते आणि तरीही उजेड होता.

सातवा दिवस : विसागिनास आणि इग्नालिना

व्हिल्निअसहून आगगाडीने सुमारे दोन तासांत विसागिनासला पोहोचलो. पाइनच्या जंगलात १९७५ मध्ये वसवलेले हे गाव. मूळ नाव एका कम्युनिस्ट नेत्यावरून स्निएच्कुस. आराखडा फुलपाखराच्या आकाराचा योजला होता, पण सगळे पंख उघडलेच नाहीत. दुकानांत, बाकांवर, सगळीकडे रशियन ऐकू येते, कारण केंद्र बांधायला साऱ्या सोव्हिएत संघातून माणसे आली होती. आपल्याकडे कोयनेच्या किंवा तारापूरच्या वसाहतीत राहिलेल्या माणसाला अशी गावे लगेच ओळखू येतात : सगळ्यांचे घड्याळ एकाच शिफ्टवर लावलेले.

इग्नालिनाच्या दोन भट्ट्या चेर्नोबिलच्या जातीच्या, म्हणजे ग्रॅफाइटचा गाभा आणि त्यातून उभ्या जाणाऱ्या नळ्या. पण प्रत्येकी १५०० मेगावॉटच्या. चेर्नोबिलनंतर त्यांची शक्ती कमी करण्यात आली. पहिली १९८३ च्या शेवटच्या दिवशी सुरू झाली, आणि तिच्या चाचण्यांतच असे आढळले होते, की भट्टी बंद करण्यासाठी दंड वरून खाली सोडले असता सुरुवातीचे काही क्षण गाभ्याच्या तळाशी शक्ती उलट वाढते. ही माहिती इतर केंद्रांना कळवली गेली, पण तीन वर्षांत कोणी दंड बदलले नाहीत. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलला जे घडले, त्यात या दोषाचा मोठा वाटा होता. नोंद झाली, कारवाई झाली नाही. माझ्या आयुष्यातल्या किती अहवालांच्या कडेला हेच लिहिता येईल, ते मी मोजायचे टाळतो.

आम्हा आठ पाहुण्यांना पांढरे कपडे, टोपी, मोजे आणि किरणोत्सर्ग मोजणारा डोसिमीटर देऊन आत नेण्यात आले. मार्गदर्शक बाई पूर्वी नियंत्रण कक्षात होत्या. भट्टीच्या माथ्यावर चौकोनी ठोकळ्यांची फरशी आहे. तिच्याखाली १६६१ इंधन-नळ्या. आम्ही त्या फरशीवरून चाललो, कारण इंधन आता आत नाही. दोन्ही भट्ट्यांतून निघालेले इंधन २०२२ पर्यंत कोरड्या साठवणीत हलवले गेले आहे. उरला आहे तो हजारो टन ग्रॅफाइट, आणि एवढ्या मोठ्या ग्रॅफाइटच्या भट्टीचा गाभा उकलण्याचे काम जगात आजवर कोणी केलेले नाही.

स्वतंत्र झालेल्या लिथुआनियाला ही केंद्रे वारशाने मिळाली, तेव्हा त्यांच्यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा मॉस्कोत राहिली होती. १९९१ मध्ये ‘वातेसी’ हा नियामक शून्यातून उभा करावा लागला, आणि त्यासाठी सर्वांत आधी धावून आले ते बाल्टिक समुद्रापलीकडचे स्वीडिश नियामक. जोखमीचे गणित कसे मांडायचे, परवाना देताना प्रश्न कसे विचारायचे, हे त्यांनी शेजारी बसून शिकवले. स्वीडनला यात स्वार्थ नव्हता असे नाही. चेर्नोबिलचा ढग पश्चिमेला सर्वप्रथम स्वीडनच्याच एका अणुवीज केंद्रात ओळखला गेला होता.

१९९४ मध्ये युरोपीय पुनर्रचना व विकास बँकेने सुरक्षेसाठी पैसे देताना एक अट घातली, तिचे मला कौतुक वाटते. या भट्टीत वापराबरोबर नळ्या फुगतात, ग्रॅफाइट आकसते आणि दोहोंमधली फट बुजत जाते. पुढे चालवायची तर नळ्या बदलाव्या लागतात. अट अशी, की नळ्या बदलायच्या नाहीत. तारीख न घालता आयुष्य ठरवून दिले, आणि तेही भट्टीच्याच धातूवर सोपवले. पुढे सदस्यत्वाच्या करारात मात्र तारखा आल्या : पहिले युनिट २००४ अखेर, दुसरे २००९ अखेर.

दरम्यान दुसऱ्या युनिटमध्ये भट्टी बंद करणारी वेगळ्या तत्त्वावरची स्वतंत्र यंत्रणाही बसवली गेली. ऑक्टोबर २००८ च्या सार्वमतात मत दिलेल्यांपैकी बहुतेक सर्वांनी केंद्र चालू ठेवा म्हटले, पण मतदान निम्म्यापर्यंत पोहोचले नाही. देशाच्या विजेपैकी सुमारे सत्तर टक्के देणारे केंद्र ३१ डिसेंबर २००९ च्या रात्री अकरा वाजता थांबले. “त्या रात्री मी पाळीवर होते,” बाई म्हणाल्या. “शक्ती उतरताना दरवेळी पाहिलेली. पण तेव्हा पुढच्या पाळीला सांगायला काही नव्हते.” एवढे सांगून त्या पुढच्या दालनात गेल्या.

बंद करण्याच्या बदल्यात पैसे मिळाले. लिथुआनिया, स्लोव्हाकिया आणि बल्गेरिया या तिघांना मिळून २०२० पर्यंत सुमारे ३.८ अब्ज युरो देण्याचे ठरले, आणि २०१६ मध्ये युरोपीय लेखापरीक्षकांनी काम रेंगाळल्याबद्दल आणि खर्च वाढल्याबद्दल टीका केली. त्याच पैशांतून विसागिनासला नवे बॉयलरघर मिळाले, कारण पूर्वी गावाच्या घरांना ऊब भट्टीतूनच येत असे. ते मी बाहेरून डोळे भरून पाहून घेतले. सबंध प्रवासात मला खात्रीने कळणारी ती एकच वस्तू होती.

आठवा दिवस : व्हिल्निअस

आज फक्त पायी भटकंती. ज्या सात देशांची तपासणी झाली, त्यांचे नियामक मार्च २००३ मध्ये ‘वेनरा’चे सदस्य झाले आणि मग तेच इतरांचे दफ्तर तपासू लागले. २०१८ मध्ये बेलारूसच्या अस्त्राव्येत्स येथे उभ्या राहत असलेल्या नव्या रशियन भट्ट्यांची तणाव-चाचणी, म्हणजे टोकाच्या आपत्तीत त्या टिकतील का याची परीक्षा, युरोपीय नियामकांनी तपासली. ते केंद्र व्हिल्निअसपासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. बेलारूसला संघात यायचे नाही, त्यामुळे त्याच्यासमोर धरायला कोणताही सदस्यत्वाचा करार नाही. लिथुआनियाच्या हातात आक्षेप आहेत, आणि विजेची तार. नोव्हेंबर २०२० मध्ये तेथे वीज सुरू होताच लिथुआनियाने बेलारूसकडून वीज घेणे थांबवले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिन्ही बाल्टिक देश जुन्या सोव्हिएत जाळ्यातून कायमचे बाहेर पडले.

मी उतरलो होतो त्या घरच्या आजींना मी काय पाहत फिरतो आहे हे सांगितल्यावर त्या उठल्या आणि स्वयंपाकघराच्या खणातून औषधाचे पाकीट घेऊन आल्या. अस्त्राव्येत्स सुरू होताना वाटलेल्या आयोडीनच्या गोळ्या होत्या त्या. मुदतीची तारीख त्यांनी चष्मा लावून मला वाचून दाखवली, आणि पाकीट पुन्हा त्याच खणात, चहाच्या डब्याशेजारी ठेवले.